बरणीचं वजन

सूर्य आमच्या सोसायटीचा सभासद नाही.

निवृत्त दंतवैद्यांच्या घरात गूळ असतो. कुठे असतो, ते त्यांच्या बायकोला माहीत नाही.

लिंबू हे फळ आहे की नाही, यावर आमच्या सोसायटीच्या सभेत मतदान झालं. दोन्ही बाजूंना सारखीच मतं पडली, म्हणून विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

वजनमापं खात्याच्या प्रमाण तराजूवर खाजगी बरणी ठेवू नये, असं नियमांत कुठेही म्हटलेलं नाही. नियम मी वाचलेत. साहेबांनी वाचलेले नाहीत, पण मेमो त्यांनी मला दिला.

बसमध्ये एका अनोळखी बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "धीर धरा."

आमच्या आत्याने जन्मभर शाळा तपासल्या.

हे सगळं एकाच बरणीतलं आहे. नीट हलवून घेतो, म्हणजे कळेल.

*

आत्या आमच्याकडेच राहते. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाली त्या दिवशी शाळा सुटल्या आणि आम्ही सापडलो. माझा भांग, बायकोचा स्वयंपाक, पेपरवाल्याची वेळ, लिफ्टचं दार, सगळ्यांवर तिचा शेरा असतो. शेरा कधीच चांगला नसतो. 'बरा' हा तिच्याकडचा सर्वोच्च पुरस्कार, आणि तो अजून कुणाला मिळालेला नाही.

फक्त एका गोष्टीवर तिने कधी शेरा मारला नाही, कारण ती गोष्ट तिची स्वतःची होती. लिंबाचं लोणचं. लिंबू, मीठ, तिखट, हळद आणि हिंगाची चिमूट. तेल नाही, साखर नाही, फोडणी नाही, लाडीगोडी नाही. ते लोणचं खाल्लं की माणूस आधी डोळे मिटायचा, मग उघडायचा आणि मग ताट पुढे करायचा.

मग तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची चव घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधीकधी. येते परत. बहुतेक."

औषधांच्या पुडीबरोबर ते 'बहुतेक' आम्ही घरी आणलं आणि ते सगळ्या घरभर पसरलं. आत्या जेवायला बसायची ती हजेरी लावायला. दोन घास, आणि "उपस्थित" म्हटल्यासारखी उठायची. तिचं मनगटातलं घड्याळ कोपराच्या दिशेने सरकायला लागलं. काय खाल्लं विचारलं तर म्हणायची, "ऊन ऊन कागद."

पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "अशी एखादी चव सांगा, जी झोपेतून उठवली तरी ओळखाल."

"माझं लोणचं," आत्या म्हणाली.

"मग तेच द्या यांना. रोज थोडं. त्याने नक्की परत येईल असं नाही म्हणत मी. पण जीभ जुनी ओळख विसरत नाही. आणि जेवण सुटू देऊ नका. या वयात एकदा खाणं सुटलं की…" आणि ते औषधं लिहायला लागले.

अडचण एवढीच की जुनी बरणी रिकामी होती आणि नवं लोणचं घालायला आत्या तयार नव्हती.

"ज्याला चव कळत नाही त्याने लोणचं घालू नये," ती म्हणाली. "पेपर न वाचता मार्क देण्यासारखं आहे ते."

"मी घालतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माणूस गळक्या नळाकडे पाहतो तसं. डॉक्टरांनीसुद्धा पेन खाली ठेवलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी वजनमापं खात्यात आहे. बाजारातला तराजू खरा की खोटा हे मी ठरवतो. लोणचं म्हणजे शेवटी काय? ठराविक वस्तू, ठराविक प्रमाणात, ठराविक काळ. जगात हे काम कुणासाठी बनलेलं असेल तर ते माझ्यासाठी, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. आजही वाटतं. दोष प्रमाणाचा नव्हता. दोष समाजाचा होता.

*

लिंबं मी निवडून आणली. पातळ सालीची, पिवळीधमक, एकसारख्या वजनाची. लिंबूवाला म्हणाला, "साहेब, लिंबं घेताय की त्यांचं लग्न लावताय?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि त्याच्या तराजूकडे लक्ष दिलं. तराजू खरा होता. थोडं वाईट वाटलं.

घरी लिंबं धुतली आणि एकेक पुसून कोरडी केली. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. आत्या समोर खुर्चीत बसून सूचना देत होती.

"ते पुन्हा पूस."

"पुसलंय आत्या."

"मागची बाजू?"

"लिंबाला मागची बाजू नसते."

"प्रत्येक गोष्टीला मागची बाजू असते. पुरुष तीच पुसत नाहीत."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "तो माझा अंघोळीचा टॉवेल आहे हे कुणाच्या लक्षात आलंय का?"

फोडी केल्या. मीठ घातलं, तिखट घातलं, हळद, हिंग. सगळं तोलून. हाताला कुठेतरी कापलं होतं, ते कुठे हे लिंबाने दाखवून दिलं. मी ओरडलो नाही. थोडा नाचलो. मग सगळं आत्याच्या चिनी मातीच्या बरणीत भरलं आणि बरणीच्या तोंडावर पांढरं फडकं, म्हणजे दादरा, बांधलं.

"आता ऐक," आत्या म्हणाली. "रोज ऊन दाखवायचं. रोज हलवायचं. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही."

"नुसतं डोकावायचंही नाही?"

"परीक्षा चालू असताना कुणी वर्गात डोकावतं का?"

"तू डोकावायचीस."

"मी तपासनीस होते. तू लोणचं घालतोयस."

मी शब्द दिला. मी सरकारी माणूस आहे. शब्द दिला की उघडत नाही.

*

पण ऊन?

आमच्या घरात ऊन येत नाही. बिल्डरने जाहिरातीत 'प्रकाशमान' म्हटलं होतं ते ट्यूबलाइटच्या जोरावर. ऊन आहे ते गच्चीवर. गच्चीची किल्ली आहे सेक्रेटरींकडे. आणि सेक्रेटरींकडे, किल्लीशेजारीच, नियम आहेत.

"गच्चीवर वस्तू ठेवता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"वस्तू नाही ती. लोणचं आहे."

"म्हणजे खाद्यपदार्थ. खाद्यपदार्थाने मुंग्या येतात. मुंग्यांसाठी वेगळा ठराव आहे."

"अजून लोणचं झालेलं नाही. सध्या ती नुसती लिंबं आहेत."

"फळं?" सेक्रेटरींचे डोळे चमकले. "फळझाडांना परवानगी आहे. पण झाड कुठाय?"

प्रकरण सभेत गेलं. मतदानाचा निकाल वर सांगितलाच आहे. सभेत मी आत्याची तब्येत सांगितली, डॉक्टरांचं 'बहुतेक' सांगितलं, घड्याळ कोपराकडे सरकतंय तेही सांगितलं. सगळे गहिवरले. गच्ची मिळाली नाही. पण सभा संपताच जिन्यात जे घडलं ते पाहून माणुसकीवरचा माझा विश्वास दुणावला. (नंतर तो किती राहिला, ते पुढे येईलच.) ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य: "आमच्या घरी येतं की ऊन! आमच्याकडे ठेवा बरणी!"

त्याच दिवशी मी खात्याच्या शिस्तीत उन्हाचं वेळापत्रक आखलं.

सकाळ: समोरच्या मोहरीकाकू, पूर्वेची बाल्कनी.
दुपार: निवृत्त दंतवैद्य, दिवाणखान्याची खिडकी.
दुपारनंतर: ड्रायव्हिंग स्कूलवाल्या ताई, स्वयंपाकघराचा कट्टा.
संध्याकाळचं शेवटचं ऊन: स्वतः सेक्रेटरी. "सेक्रेटरी म्हणून नाही हं," ते म्हणाले, "व्यक्ती म्हणून."

बरणी रोज अशी उन्हामागे घरोघर फिरणार होती. बायको म्हणाली, "भाग्यवान आहे. मला मेलीला शेजारीसुद्धा जायला वेळ मिळत नाही."

*

'आमच्याकडे' हा जगातला सगळ्यात मोठा देश आहे. त्याच्या सीमा कुणाला माहीत नाहीत, पण नागरिक सगळेच आहेत.

मोहरीकाकू उत्तरेकडच्या. पहिल्याच सकाळी बरणी हातात घेऊन त्यांनी ती कानाशी हलवली. "भाऊजी, आत तेल वाजत नाही."

"बिनतेलाचं आहे काकू."

"अगंबाई! लेकराला बिनकपड्याचं बाहेर काढलंत! आमच्याकडे मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवतात, मग गार करून ओततात. फोड कशी त्यात बुडाली पाहिजे. नाकात झिणझिण्या आल्या पाहिजेत."

"हे आत्याच्या पद्धतीचं आहे."

"हो हो," काकू म्हणाल्या. "तुमचं लोणचं, तुमची मर्जी."

दंतवैद्य पश्चिमेकडचे. त्यांच्याकडच्या प्रत्येक पदार्थात गोडाचा खडा पडतो. जन्मभर लोकांना 'गोड खाऊ नका' सांगितल्याचा ते आता सूड घेत होते. "लिंबाचं आणि बिनगुळाचं?" त्यांनी मला खिडकीजवळ ओढून हळूच विचारलं. आतल्या खोलीत त्यांची बायको होती. "अहो, आंबटाला गोडाचा हात धरू दिला नाही तर ते एकटं पडतं. आत्ता तोंड उघडा पाहू."

"का?"

"सवय हो. उघडा. हं. वरची डावी दाढ बघून घ्या. आणि गूळ घाला."

"आत्याच्या लोणच्यात गूळ नसतो, डॉक्टर."

"तुमची मर्जी."

ताई दक्षिणेकडच्या. त्या कुणालाही काहीही शिकवताना उजवा पाय दाबून धरतात. "एवढंच तिखट? हे फर्स्ट गिअरमध्येच आहे अजून! लसूण टाका, मिरची टाका, तिळाचं तेल टाका आणि सोडा क्लच! आमच्याकडे लोणचं खाल्लं की माणसाला घाम आला पाहिजे."

"आत्याला…"

"त्यांनाच तर उठवायचंय ना? झोपलेल्या माणसाला कुणी पिसाने उठवतं का? बरं, राहिलं. तुमची मर्जी."

'तुमची मर्जी' ऐकून मी दर वेळी विजयी मुद्रेने घरी यायचो. आपण तिन्ही आघाड्यांवर आत्याच्या पाककृतीचं रक्षण केलं, असं मला वाटायचं. 'तुमची मर्जी' हे वाक्य माणूस माघार घेताना म्हणत नाही, पुढचा डाव ठरला की म्हणतो, हे मला आता कळलंय.

*

रोज संध्याकाळी बरणी घरी आली की मी ती काट्यावर ठेवायचो. सवय. वजन वाढत होतं.

पहिल्या दिवशी वाटलं, काटा बिघडला. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझे डोळे. आठवडा झाला तरी वजन वाढतच होतं. बंद बरणी, आत डोकावायची मनाई, उन्हात ठेवलेली. म्हणजे वजन घटायला हवं, पाणी उडून जायला हवं. ते वाढत होतं! माझ्या नोकरीच्या काळात मी वजन मारणारे तराजू शेकड्याने पाहिले, पण दान देणारी बरणी पहिल्यांदाच पाहिली.

"गाठ बदललीये," बायको म्हणाली.

"काय?"

"दादऱ्याची गाठ. तू मारतोस ती अशी नसते. काल वेगळी होती, आज वेगळी आहे."

"उन्हाने दोरा सैल होतो. मग सावलीत पुन्हा आवळतो. साधं शास्त्र आहे."

"आणि फूल कसं होतं त्याचं?" ती म्हणाली. खरंच गाठ फुलासारखी होती. मी शास्त्रात त्यालाही जागा केली.

सिद्धांत माझ्या डोक्यात पक्का होत चालला होता: लिंबाची साल ऊन शोषून घेते. उष्णतेला वजन असतं. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नसेल, कारण आजवर वजनमापं खात्यातल्या कुणी लोणचं घातलं नव्हतं. एखाद्या मासिकात माझा फोटो, हातात बरणी. मी मनातल्या मनात केसही कापून घेतले. फक्त एकदा प्रमाण तराजूवर खात्री करायला हवी होती. आमच्या ऑफिसातला तो तराजू काचेच्या पेटीत असतो आणि त्याच्यासमोर आम्ही शिंकतसुद्धा नाही.

आत्याला म्हणालो, "आज जरा ऑफिसातलं ऊन दाखवतो."

बसमध्ये मी बरणी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्यावर वाकलो. पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेली बरणी आणि तिच्यावर वाकलेला गंभीर माणूस. एक गृहस्थ उठले आणि मला खिडकीची जागा दिली. शेजारच्या बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "कोणाचं?"

"आत्याचं," मी म्हणालो.

"अरेरे. अचानक?"

"नाही, चांगले पंधरा दिवस लागतात."

त्यांनी डोळे टिपले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाक्य वर दिलंच आहे. मी म्हटलं, "धीर आहे हो, पण वजन वाढतंय." त्यानंतर आमच्या बाकाच्या आसपास बरीच जागा झाली.

प्रमाण तराजूने तेच सांगितलं. वजन वाढलेलं होतं! मी आनंदाने ओरडलो. साहेब आले.

"हे काय?"

"लोणचं, सर. वैज्ञानिक कारणासाठी."

साहेबांनी बरणीकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "लिंबाचं?" आवाज एकदम मवाळ. साहेब डोंगराळ भागातले, हे मला ठाऊक होतं. "आमच्याकडे यात काय घालतात माहितीये?" ते म्हणाले आणि थांबले. "तुम्ही जा, चहा घेऊन या. मी प्रमाण तराजूपाशी थांबतो."

मी चहा घेऊन आलो. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. दुपारी मेमो आला: 'आपण कार्यालयीन उपकरणाचा वापर आंबवलेल्या वा आंबवत असलेल्या खाजगी पदार्थासाठी केल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा.' खाली पेनाने बारीक अक्षरात: 'झालं की थोडं आणा.'

*

पंधरा दिवस झाले. मी आत्याला म्हटलं, "उघडूया?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी, "आज ढग आहेत." ढग नव्हते. तिसऱ्या दिवशी, "आज माझा घसा बरा नाही." चौथ्या दिवशी तिने माझ्याकडे न पाहता म्हटलं, "अजून मुरू दे. घाई काय आहे?"

बायको मला बाहेर घेऊन गेली. "त्या घाबरल्यात," ती म्हणाली. "हेही कागदासारखं लागलं तर मग पुढे काही उरत नाही ना त्यांना. जोवर बरणी बंद आहे तोवर ठीक आहे."

मला ते सुचलंच नव्हतं. मी वजन करत बसलो होतो.

आम्ही दोघं आत गेलो. मी म्हणालो, "आत्या, माझी परीक्षा झाली, आता निकाल लाव. मला झोप येत नाही."

ती बराच वेळ घड्याळ मनगटावर खाली-वर करत राहिली. मग म्हणाली, "बोलाव सगळ्यांना. ज्यांनी ऊन दिलं त्यांना बोलाव. तपासणी उघड्यावर झाली पाहिजे."

सगळे आले. मोहरीकाकू, दंतवैद्य, ताई, सेक्रेटरी (व्यक्ती म्हणून). काय गंमत, चौघंही दाराजवळच उभे राहिले. मी म्हटलं, "या ना, पुढे या." कुणीही पुढे येईना. मला वाटलं, भावनेच्या भरात असतील.

मी दादरा सोडला. बायकोने कोरडा चमचा दिला. आत्याने ताटलीत फोड घेतली, तिच्याकडे पाहिलं, वास घेतला. तोंडात टाकली. चावली. फ्रीजसुद्धा बंद पडल्यासारखा वाटला.

तिचा चेहरा कोराच होता.

"नाही," ती म्हणाली.

बायकोने माझा हात धरला.

"नाही," आत्या पुन्हा म्हणाली. "हे माझं नाही."

तिने डोळे मिटले. भुवया वर गेल्या. मग नाकपुड्या. मग ती खुर्चीतून अर्धी उठली.

"तेल! मोहरीचं तेल! नाकात गेलं माझ्या! कुणी घातलं?"

मोहरीकाकू रडायला लागल्या. "मी, आत्या, मीच! नुसतं पळीभर! भाऊजींची पद्धत बघवेना हो!"

"थांबा. बोलू नका. आत गूळ आहे. विरघळलाय, पण आहे. बनेल गोड आहे, मागून येतंय."

"माझा," दंतवैद्य म्हणाले आणि लगेच बायको मागे नाही ना हे वळून पाहिलं. "पण मी तिळभरच…"

"तीळ! हो, तिळाचं तेलही आहे! आणि लसूण! हे काय, हे काय लागलं मला? आग लावलीये कुणी यात! पाणी! नको, पाणी नको, राहू दे, लागू दे!" आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "कोण?"

"मी! मी!" ताईंनी दोन्ही हात वर केले, स्टेअरिंग सोडून दिल्यासारखे. "लागलं ना? लागलं ना तिखट?"

"दुसरी फोड दे," आत्या मला म्हणाली. तिने ती जवळजवळ हिसकावली. आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो होतो, आता कुणीही दाराजवळ नव्हतं. "कलौंजी."

सेक्रेटरी खाकरले. "नियमात नव्हतं बसत. पण मी व्यक्ती म्हणून…"

"ओवा!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याच शेजारी हळूच एक हात वर झाला.

"तू?" मी बायकोला म्हणालो. "गाठीबद्दल तूच मला सांगितलंस!"

"मी फक्त माझी गाठ सोडून बाकीच्यांबद्दल सांगितलं," ती म्हणाली. "ओव्याने पचतं. त्यांचं पोट रिकामं असायचं ना."

"आणि हे," आत्या सगळ्यांना गप्प करत म्हणाली. डोळे बंद, मान तिरकी, एखादा पोरगा शेवटच्या बाकावरून कुजबुजला की ती अशीच थांबत असेल. "हे दाताखाली फुटलं. हिरवे मिरे. डोंगरातले. कुणी?"

काकूंनी मान हलवली. दंतवैद्यांनी, ताईंनी, सेक्रेटरींनी शपथ घेतली. आणि मला चहाचे दोन कप आठवले, आणि साहेबांची पाठ, आणि माझा सिद्धांत, आणि मासिकातला फोटो. ऊन कुणी शोषलं नव्हतं. सोसायटी शोषली गेली होती.

"म्हणजे," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो, "एकाही माणसाला माझा भरवसा वाटला नाही?"

"तुमच्यावर भरवसा आहे हो भाऊजी," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "फक्त लोणच्याच्या बाबतीत नाही."

"आत्या," मी म्हटलं, "यात माझं काही लागलं का तुला? काहीतरी?"

तिने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे मान्य करावं लागेल. "लिंबं तुझी," ती म्हणाली. "साल नीट मुरलेली नाही. मीठ कमी. प्रमाण चुकलंय."

प्रमाण! मी! पण मला बोलायची संधीच मिळाली नाही, कारण खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला होता. मीठ कमी! तिला मीठ कमी लागलं! दंतवैद्यांनी सेक्रेटरींना मिठी मारली. ताई जागच्या जागी उड्या मारत होत्या, खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर काठी ठोकली. बायको हसत होती की रडत होती ते ठरवणं माझ्या खात्याच्या कक्षेबाहेरचं होतं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. माझ्याच चुकीला, जोरजोरात.

"गोंगाट बंद!" आत्या गरजली. एवढा आवाज तापानंतर पहिल्यांदाच निघाला होता. "याला लोणचं म्हणतात? ही सर्वपक्षीय सभा आहे. सगळे नापास. लिंबं आणा, पुन्हा बसायचं. या वेळी मी घालणार आणि तुम्ही सगळ्यांनी लांब उभं राहून बघायचं. हात मागे."

"हात मागे," दंतवैद्य पुटपुटले आणि त्यांनी खरंच हात मागे घेतले.

"आणि भात वाढ गं," आत्या बायकोला म्हणाली. "गरम आहे ना? नीट वाढ. भांड्याच्या तळाचा नको, तुझा भात तळाला लागलेला असतो नेहमी. आणि ही बरणी इथेच राहू दे माझ्याजवळ. नापास असली म्हणून काय झालं."

ती जेवली. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. मध्येच ती म्हणायची, "लसूण," नाहीतर "गूळ आला परत," आणि ज्याचं त्याचं तोंड उजळायचं. साहेबांसाठी वाटीभर बाजूला काढून ठेवायला मी विसरलो, आणि खुलासा अजून दिलेला नाही.

आत्याची चव गेली आहे हे आम्हाला तिने सांगितलं नव्हतं. ताप उतरल्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी जेवताना ती बायकोला म्हणाली, "भाजी छान झालीये गं," आणि बायकोने हातातला डाव खाली ठेवून डॉक्टरांना फोन लावला.